शाके, भात आणि मीठ

ताकाहाशी यूइची या जपानी चित्रकाराने १८७७च्या सुमारास एक खारवलेला सॅमन, म्हणजे जपानीत 'शाके', रंगवला. जवळजवळ दीड मीटर उंचीचा अरुंद कागद, त्यावर तैलरंगात फक्त एक मासा. जबड्यातून ओवलेल्या दोरीने टांगलेला. वरच्या अंगाचं मांस कुणीतरी जेवणासाठी कापून नेलंय, त्यामुळे आतला लाल गर आणि काटे उघडे पडलेत. खालची कातडी सुकून आवळलेली, शेपटीकडे सुरकुतलेली. टोकियोतल्या उएनोच्या कला विद्यापीठाच्या संग्रहात हे चित्र आहे आणि ते प्रदर्शनात असलं की त्याच्यापुढून माझा पाय निघत नाही. तैलरंग जपानात तेव्हा नवेच होते. त्या नव्या विद्येने काय काढावं, तर स्वयंपाकघरातला मासा! थंडीच्या दिवसांत घराघरांत टांगलेला असायचा तो.

आज 'जपानी सॅमन राइस बोल' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मासा याच्यापेक्षा अगदी वेगळा. केशरी, ओलसर, चरबीच्या पांढऱ्या रेघा असलेला, कच्चा. खाली वाफाळता चिकट भात, वर तीळ, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे पापुद्रे, थोडी तिखट वासाबी. दिसायला सुंदर आणि चवीलाही. पण जपानच्या ताटात हा मासा कच्चा येऊ लागला तो गेल्या चाळीसेक वर्षांत. चित्रातला खारवलेला मासा मात्र तिथे शेकडो वर्षांचा आहे. दोन्ही भातावरच येतात, दोन्ही जपानीच म्हणवले जातात, आणि पोषणाच्या हिशेबात दोघांची गोष्ट पार निराळी निघते.

मी मूळची वेंगुर्ल्याची, शिक्षण आहारशास्त्राचं, आणि आता संसार टोकियोच्या निशी-कासाई भागात, जिथे सोसायटीच्या लिफ्टमध्ये मराठी कानावर पडणं नवलाचं राहिलेलं नाही. पुण्याहून मावसबहीण फोन करते तेव्हा हमखास विचारते, "ताई, तिकडची माणसं रोज सॅमन-भात खातात म्हणूनच एवढी जगतात ना गं?" तिला फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

सुरुवात नदीपासून करते. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, निईगाता प्रांताच्या उत्तर टोकाला मुराकामी नावाचं गाव आहे. मिओमोते नदी तिथे समुद्राला मिळते. शरद ऋतूत समुद्रातले सॅमन अंडी घालायला या नदीत शिरतात आणि एदो काळात (१६०३ ते १८६८) मुराकामीच्या संस्थानाचा मोठा महसूल या माशावर उभा होता. अठराव्या शतकात मासे घटायला लागले. तेव्हा आओतो बुहेइजी नावाच्या तिथल्या एका सामुराईच्या लक्षात आलं की सॅमन जन्मल्या नदीतच परत येतो. मग अंडी घालण्याच्या काळात त्याला निवांत जागा द्यायची, मासेमारी आवरती घ्यायची आणि पिल्लं समुद्रात गेली की पुढच्या वर्षांची वाट पाहायची, हा विचार पुढे आला. नदीचा एक फाटा वेगळा काढून कुंपणाने सुरक्षित केला गेला. त्याला 'ताने-गावा' म्हणतात, बियाण्याची नदी. बियाण्याला हात लावायचा नाही हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण माशाच्या बाबतीत ते कळायला जगात बहुतेक ठिकाणी फार उशीर झाला. मुराकामीला ते अडीचशे वर्षांपूर्वी कळलं.

पुढे मेइजी काळात, म्हणजे १८६८नंतर, संस्थानं गेली, सामुराईंचे तनखे गेले. तेव्हा मुराकामीच्या जुन्या सामुराई घराण्यांनी सॅमनची मासेमारी एकत्र येऊन चालवली आणि त्या पैशातून गावातल्या मुलांना शिकायला पाठवलं. या मुलांना तिथे 'सॅमनची मुलं' म्हणत. शिकून ती वकील झाली, अधिकारी झाली. सॅमनच्या पोषणमूल्यात मी हेही धरते.

डिसेंबरात मुराकामीला गेलं की जुन्या घरांच्या पडवीत आणि दुकानांच्या आढ्याला मासे टांगलेले दिसतात. कल्ले, आतडी आणि पाठीच्या कण्याला चिकटलेलं काळपट रक्त खरवडून काढलेलं असतं. शेपटीकडून डोक्याकडे, खवल्यांच्या उलट दिशेने मीठ चोळतात. आठवडाभर मुरवतात, मग पाण्यात ठेवून जास्तीचं मीठ काढतात, अंगावरची बुळबुळ घासून टाकतात आणि समुद्रावरून येणाऱ्या वायव्येच्या गार वाऱ्यात लटकवतात. याला 'शिओबिकी' म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं की दोन गोष्टी लक्षात येतात. पोट सरळ चिरलेलं नसतं, मधे बोटभर भाग तसाच जोडलेला राखतात. सामुराईंच्या गावात पोट पूर्ण फाडणं म्हणजे आत्महत्येचा अपशकुन. आणि मासा शेपटीने टांगतात, डोकं खाली, कारण त्याला फाशी दिल्यासारखं दिसू नये. ताकाहाशीच्या चित्रातला मासा जबड्याने टांगलाय. मुराकामीच्या बाईला तो पाहवणार नाही.

तिथल्या एका दुकानात एका बाईंनी मला टांगलेल्या माशाच्या पोटाला बोट लावायला सांगितलं. बाहेरून कातडं टणक होतं, आतून मांस अजून मऊ. थंडीत हळूहळू मुरताना मांसातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं तयार होतात, ग्लुटामेट वाढतं आणि चव दाट होत जाते. आमच्याकडे पावसाळ्यासाठी बांगडे खारवतात त्यातही असंच काही घडतं, पण तिथे उन्हाची घाई असते. इथे थंडी सावकाश काम करते. भाजलेली शिओबिकीची तुकडी पातळशी असते, पण तिच्या जोरावर वाडगाभर भात सहज जातो. भातावरचा सॅमन मुळात असा होता: थोडा मासा, भरपूर भात. वर गरम चहा ओतला की ओचाझुके.

पूर्व जपानात वर्षअखेरीच्या जेवणात खारा सॅमन आणि पश्चिमेत बुरी हा मासा, अशी जुनी वाटणी आहे. देश साधारण मधोमध चिरला जातो. सॅमन ही उत्तरेची चव, थंडीची आणि साठवणीची.

आता त्याच नद्यांची दुसरी बाजू. सॅमनवर सगळ्यात आधी आणि सगळ्यात पूर्णपणे जगलेली माणसं म्हणजे होक्काइदो या उत्तरेच्या मोठ्या बेटावरचे मूळ रहिवासी, आइनू. त्यांच्या भाषेत तो 'कामुय चेप', देवांचा मासा. हंगामातला पहिला मासा ते विधीपूर्वक स्वीकारत. सगळे मासे उचलत नसत. अस्वलाला, कोल्ह्याला, पुढच्या पिढीला उरले पाहिजेत. कातडीची पादत्राणं करत. थंडीत गोठलेला मासा कापून तसाच खायची त्यांची पद्धत होती, ती 'रुइबे'. कच्च्या सॅमनचा जपानी बेटांवरचा जुना प्रकार हाच. आणि पोषणाच्या दृष्टीने फार मोलाची एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. अंडी घालून झालेला, नदीत वर चढून चढून चरबी संपलेला मासा वाळवणासाठी चांगला. चरबी कमी म्हणून तो खवट होत नाही, वर्षभर टिकतो. बाजाराच्या लेखी ज्या माशाला किंमत नाही, त्यावर त्यांचा हिवाळा निघत असे.

मेइजी सरकारने होक्काइदो ताब्यात घेतलं आणि १८७८पासून नद्यांमधल्या सॅमनच्या मासेमारीवर बंदी यायला लागली. कारण दिलं गेलं मत्स्यसंवर्धनाचं. १८८०च्या दशकात तोकाची नदीकाठच्या आइनूंवर उपासमारीची वेळ आली. ज्या वर्षांत मुराकामीची मुलं सॅमनच्या पैशावर शाळेत जात होती, त्याच वर्षांत. सरकारच्या कायद्याने २०१९ साली आइनूंना मूळनिवासी मानलं, पण नदीत मासे धरायचा हक्क दिला नाही. विधीसाठी म्हणून परवानगी मागून मोजके मासे धरता येतात. होक्काइदोतल्या उराहोरोच्या 'रापोरो आइनू नेशन' या संघटनेने हक्कासाठी २०२०मध्ये दावा लावला. २०२४च्या एप्रिलमध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. मला हा निकाल पटत नाही. 'जपानी सॅमनची संस्कृती' असं कुणी कौतुकाने लिहितं तेव्हा ज्यांनी ती सर्वात आधी जगली त्यांचं नाव त्यात येतच नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कच्च्या केशरी माशाची गोष्ट नॉर्वेत सुरू होते. जपानी लोक कच्चा मासा खातात, पण आइनूंचं रुइबे सोडलं तर सॅमन कच्चा खात नसत. पॅसिफिकमधल्या सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचा कृमी असतो, तो पोटात गेला तर असह्य कळा येतात. म्हणून सॅमन खारवायचा, भाजायचा, शिजवायचा. १९८५ साली नॉर्वेचे मत्स्यमंत्री थोर लिस्ताऊ मोठं शिष्टमंडळ घेऊन जपानला आले आणि पुढच्या वर्षापासून 'प्रोजेक्ट जपान' नावाची मोहीम सुरू झाली. नॉर्वेच्या खाड्यांमध्ये पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅमन कोरड्या खाद्याच्या गोळ्यांवर जगतो, त्यामुळे हा कृमी त्याच्यात शिरायला वाट जवळपास राहत नाही. तो कच्चा खाता येतो, हे त्यांना जपानी व्यापाऱ्यांना पटवायचं होतं. व्यापारी म्हणाले, रंग बरोबर नाही, वास नदीचा येतो. मोहिमेतले ब्यॉर्न एरिक ओल्सेन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत माल पडून राहिला, गोठवलेल्या माशांचे ढीग साचले. तेव्हा निचिरेइ या जपानी कंपनीला ५,००० टन मासा स्वस्तात देण्यात आला, पण एका अटीवर: तो सुशीसाठी कच्चा म्हणूनच विकायचा. पुढे फिरत्या पट्ट्यावरच्या स्वस्त सुशीच्या दुकानांनी आणि मुलांनी बाकीचं काम केलं. आता अशा दुकानांत लोकांना सर्वांत जास्त काय आवडतं याची पाहणी निघते तेव्हा सॅमन वर्षानुवर्षं पहिला असतो.

जुने लोक अजून दोन वेगळी नावं वापरतात. भाजायचा तो 'शाके', कच्चा खायचा तो 'सामोन'. आमच्या शेजारच्या आजी सामोनला हात लावत नाहीत. त्यांची नात मात्र दुसरं काही खात नाही.

भातावर काही ठेवून एकाच वाडग्यात खाणं, म्हणजे दोनबुरी, हेही तसं अलीकडचं. घरच्या रीतीत भात वेगळा, सूप वेगळं, बाजूला दोन-तीन छोटे पदार्थ. भातावर कालवण ओतून खाणं गावंढळ मानलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, नाट्यगृहांच्या आसपास भातावर ईल (वाम) ठेवून देण्याची पद्धत पडली, असं सांगतात. टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात १८९९ साली घाईतल्या हमालांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी गोमांस-भाताचं दुकान निघालं. हे कष्टकऱ्यांचं, प्रेक्षकांचं, उभ्याउभ्या जेवणाऱ्यांचं अन्न. म्हणून दोनबुरीत भात जास्त आणि भाजी जवळजवळ नाहीच. पोषण मोजताना हे विसरून चालत नाही.

तर आता मोजूया. २०० ग्रॅम शिजलेला पांढरा भात म्हणजे सुमारे ३१० कॅलरी. त्यावर १०० ग्रॅम नॉर्वेचा सॅमन, सुमारे २१० कॅलरी. एकूण ५२०च्या आसपास, २५ ग्रॅम प्रथिनं, १३ ग्रॅम चरबी. चरबीतला मोलाचा भाग म्हणजे ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं, १०० ग्रॅममध्ये एक ते दोन ग्रॅम. दिवसाला पाव ते अर्धा ग्रॅम मिळावं असं बहुतेक संस्था सांगतात, म्हणजे एका वाडग्यात कित्येक दिवसांची बेगमी झाली. जपानी नद्यांत येणारा शाके याहून पुष्कळ सडपातळ: १०० ग्रॅमला १२५ कॅलरी, चरबी जेमतेम चार ग्रॅम, प्रथिनं २२. ओमेगा-३ त्यात कमी, पण ड जीवनसत्त्व भरघोस, ३० मायक्रोग्रॅमच्या वर. ढगाळ, बर्फाळ उत्तरेत हिवाळ्याचे महिने सूर्य नीट दिसत नसताना हे ड जीवनसत्त्व माशातून येत होतं, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर जुळणी वाटते.

पिंजऱ्यातल्या माशाबद्दल एक सांगायला हवं. १९९०च्या सुमारास नॉर्वेच्या सॅमनचं खाद्य जवळजवळ सगळं समुद्रातलं होतं, माशांचं पीठ आणि माशांचं तेल. आता त्यातला मोठा भाग सोया आणि रेपसीडसारख्या वनस्पतींचा असतो. समुद्रावरचा भार कमी झाला, हे चांगलंच. पण मासा जे खातो तेच त्याच्या अंगी लागतं, म्हणून ओमेगा-३ पूर्वीपेक्षा उतरलं. रंगाचंही तेच. सॅमनचं मांस मुळात पांढऱ्या जातीचं. कोळंबीसारख्या जीवांमधून येणाऱ्या अस्टाझॅन्थिनमुळे ते केशरी होतं. पिंजऱ्यात ते खाद्यात मिसळावं लागतं. अपायकारक नाही, पण केशरी जितका गडद तितका मासा चांगला, हा समज सोडून द्यावा.

वाडग्यात खाली जो पांढरा भात आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

एदोत कांडून कोंडा काढलेला पांढरा तांदूळ ही प्रतिष्ठा होती. गावाकडून सामुराई नोकरीला यायचे, पोटभर पांढरा भात खायचे आणि काही महिन्यांत पाय सुजायचे, बधिर व्हायचे, छाती धडधडायची. गावी परतले की बरे व्हायचे. लोक याला 'एदोचं दुखणं' म्हणत. तो बेरीबेरी होता, ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. ते जीवनसत्त्व कोंड्यात असतं आणि कोंडा तर काढून टाकलेला. मेइजी काळात नौदलात हे दुखणं पसरलं. १८८२-८३मध्ये र्यूजो या जहाजावरच्या ३७६ माणसांपैकी १६९ आजारी पडली, २५ दगावली. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांचा संशय जेवणावर होता. त्यांनी १८८४ साली त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण जेवण बदलून: भात कमी, मांस, मासे, डाळी वाढवलेल्या. आजारी पडले जेमतेम पंधरा, मेलं कुणी नाही. पुढे भातात सातू आला. कारण त्यांनी चुकीचं मानलं होतं, प्रथिनं कमी पडतात असं त्यांना वाटे, पण उपाय बरोबर निघाला. लष्कराच्या डॉक्टरांनी तो मानला नाही. १९०४-०५च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी सैन्यात सुमारे अडीच लाख माणसं बेरीबेरीने आजारी पडली आणि सुमारे २७ हजार मेली. पांढऱ्या भाताने. १९१० साली सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून तो उणा पडणारा घटक, म्हणजे ब-१, वेगळा काढला.

म्हणून वाडग्यातला मासा चवीपुरता नाही. शिजलेल्या पांढऱ्या भातात ब-१ अगदी नाममात्र, १०० ग्रॅमला ०.०२ मिलिग्रॅम. शाकेत ०.१५च्या आसपास. पण दिवसाची गरज एक मिलिग्रॅमच्या वर असते, तेव्हा एकट्या माशानेही भागत नाही. शेजारच्या छोट्या बशीत जे लोणचं ठेवलेलं असतं, काकडीचं किंवा मुळ्याचं, ते तांदळाच्या कोंड्यात मुरवलेलं. 'नुकाझुके'. कोंड्यातलं ब-१ भाजीत उतरतं. तांदळावरून काढलेलं जीवनसत्त्व असं बाजूच्या दाराने ताटात परत येतं. हॉटेलात सॅमनची दोनबुरी मागवून ते लोणचं तसंच टाकून उठणारे लोक पाहिले की मला राहवत नाही.

कोकणात हे दुखणं का माजलं नाही, याचं उत्तर मी शिकत असताना मिळालं आणि मी ते अजून सगळ्यांना सांगत असते. आमच्याकडे उकडे तांदूळ. भात सालासकट उकडला की कोंड्यातलं ब-१ दाण्याच्या आत सरकतं आणि नंतर कांडलं तरी बरंचसं टिकतं. आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे न उकडलेला सडीक तांदूळ खात, तिथे बेरीबेरी होता. आमची सकाळची उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा हा पोषणाच्या दृष्टीने शिओबिकी आणि भाताचा सख्खा भाऊ, किंबहुना भाताच्या बाजूने त्याहून सरस. बांगडा आणि तारली दोन्हींत ओमेगा-३ भरपूर असतं. मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग रावस चालेल ना? हॉटेलात इंडियन सॅमन म्हणतात त्याला." चालेल की, मासा उत्तम आहे. पण त्याचं सॅमनशी नातं काही नाही आणि चरबीही तशी नाही. ओमेगा-३साठी बांगडाच बरा, आणि कितीतरी स्वस्त.

उरलं मीठ. शिओबिकीचं मी इतकं कौतुक केलं, पण उत्तर जपानने त्याची किंमत मोजली आहे. १९५०च्या दशकात आकिता आणि आजूबाजूच्या भागात माणसं दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खात होती. खारे मासे, खारी लोणची, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारी पेस्ट. आज जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तिथे चाळिशी-पन्नाशीतल्या शेतकऱ्यांना पक्षाघात व्हायचा, घरंच्या घरं कोसळायची. मग गावोगाव रक्तदाब तपासणारे डॉक्टर आणि परिचारिका फिरल्या, मिसो सूपातलं मीठ मोजून दाखवू लागल्या, घरोघर फ्रीज आले आणि साठवणीसाठी मिठाची गरज उरली नाही. पक्षाघात उतरत गेले. जपानी माणसं दीर्घायुषी झाली त्यात या परिचारिकांचा वाटा फार मोठा आहे, आणि मावसबहिणीच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हेच असतं. सॅमन-भात शंभर वर्षांपूर्वीही होता. आयुष्य वाढलं ते भातातली उणीव आणि माशातलं मीठ या दोन्हींची दखल घेतली तेव्हा. आजही जपानी माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. काम अर्धंच झालंय.

सुपरमार्केटमध्ये सॅमनच्या तुकड्यांवर 'आमाजिओ' म्हणजे सौम्य खारा आणि 'काराकुची' म्हणजे कडक खारा असं लिहिलेलं असतं. सौम्य खाऱ्यात १०० ग्रॅमला दोनेक ग्रॅम मीठ. कच्च्या सॅमनच्या वाडग्यात मासा अळणी असतो, पण वर एक मोठा चमचा सोया सॉस ओतला की अडीच ग्रॅम मीठ आलंच. सॉस वाटीत बाजूला घेऊन माशाचा तुकडा त्यात टेकवून खावा, भातावर ओतू नये. शेजारच्या आजीही भातावर सॉस ओतत नाहीत. भात पांढरा राहिला पाहिजे, असं त्यांचं कारण. माझं कारण वेगळं, पण परिणाम एकच.

मुंबई-पुण्यात कुणी हा वाडगा घरी करणार असेल तर कच्च्याच्या वाटेला जाऊ नका. अनिसाकिस मीठ, लिंबू, वासाबी कशालाच दाद देत नाही. उणे २० अंशांत किमान चोवीस तास गोठवलं तर मरतो, आणि घरच्या फ्रीजरचा तेवढ्या थंडीचा भरवसा नसतो. शिवाय वाटेत बर्फ किती वेळा वितळला हे आपल्याला कळत नाही. भाजलेला करा. तुकडीला मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पुसून तव्यावर कातडीची बाजू खाली करून भाजा. कातडी फेकू नका, कुरकुरीत झाली की तीच पहिली संपते.

ऑक्टोबर आला की मी एकदा हाराको-मेशी करते. मियागी प्रांतातल्या वातारी गावचा हा भात. आबुकुमा नदीवरच्या कोळ्यांनी दाते मासामुने या सरदाराला तो खाऊ घातला, असं तिथे सांगतात. सॅमनचे तुकडे सोया सॉस, साके (तांदळाची दारू) आणि थोड्या साखरेत हलके शिजवून बाजूला काढायचे आणि त्याच रश्शात तांदूळ शिजवायचा. गाबोळी कोमट मिठाच्या पाण्यात घेऊन बोटांनी पडदा सोडवत दाणे मोकळे करायचे. दाणे पाण्यात पांढुरके, गढूळ होतात, सगळं वाया गेलं असं वाटतं. सोया सॉसमध्ये टाकले की थोड्या वेळात पुन्हा लालबुंद आणि पारदर्शक. गाबोळीत कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणून माणशी एक चमचा पुरे. मी तांदळात तिसरा हिस्सा वेंगुर्ल्याहून आणलेला उकडा मिसळते. उकडा शिजायला वेळ घेतो, म्हणून आधी दोन तास वेगळा भिजवून अर्धा कच्चा शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर जपानी तांदळाचा गोळा होतो आणि उकडा दाताखाली येतो. आजींनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाडगा पुढे करून आणखी मागितला आणि विचारलं, हा तांदूळ कुठे मिळतो.